लहान तळ्यावर गळ टाकण्याआधी पाण्याचा श्वास बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तळं लहान आहे, सगळ्यांसाठी खुलं आहे, गळाने मासे धरायला परवानगी आहे. उन्हाळा चढल्यापासून पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून फिरताना दिसतात, पण आमिषाकडे ढुंकूनही बघत नाहीत. भर दुपारी खोल पाण्यात गळ सोडला तर काहीच हलत नाही. जे मासे लागतात ते तुम्ही सोडून देता, तरी दुसऱ्या दिवशी एखाददुसरा पोट वर करून काठाला लागलेला असतो. आणि आता आठ वर्षांच्या मुलीने बरोबर यायचा हट्ट धरलाय, तर पोहणारे, होडीवाले, बदकांना खाऊ टाकणारे या सगळ्यांच्या गर्दीत तिला कसं न्यायचं.

पहिल्या तीन तक्रारी मला वेगवेगळ्या वाटत नाहीत. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: पाण्यात विरघळलेला प्राणवायू. लहान तळ्यावर गरवणाऱ्याने, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्याने, काठी, गळ, आमिष यांच्या आधी हे शिकून घ्यावं असं माझं ठाम मत आहे. मोठ्या नदीत पाणी बिघडलं तर मासा वर किंवा खाली निघून जातो. लहान तळ्यातल्या माशाला जायला दुसरी जागाच नसते. तिथे जे काही होतं ते त्याला सोसावं लागतं, आणि त्यात आपण काठावरून किती भर घालायची हे आपल्या हातात असतं.

आधी पहाटेचं बघू. तोंड वर काढणारे मासे खायला वर आलेत असा सर्रास समज असतो. खाणारा मासा सहज ओळखू येतो. ओठ मिटल्याचा बारीक आवाज, एक वर्तुळ, आणि मासा खाली गेलेला. पुढचं वर्तुळ चार हात लांब उठतं. धापा टाकणारा मासा मात्र जागचा हलत नाही. अंग तिरकं, शेपूट खाली, ओठ नेमके पाण्याच्या पातळीवर उघडमीट करत असतात आणि कल्ले जोरजोरात हलतात. तुमची सावली पडली तरी तो लांब पळत नाही. दचकून खाली गेलाच तर लगेच परत वर येतो. असे एकदोन नसतात, तळंभर दिसतात, आणि ओढ्याचं पाणी जिथे तळ्यात पडतं तिथे जास्त गोळा होतात. पाण्याचा सगळ्यात वरचा पातळ पापुद्रा हवेला लागून असतो, त्यात थोडा जास्त प्राणवायू मिळतो, त्यासाठी ही धडपड चाललेली असते. मरळ आणि मागूर यांना यातून वगळा. त्यांना हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे ते एरवीही वर येऊन एक घोट घेतात आणि खाली जातात.

हे पहाटेच का होतं? दिवसा पाण्यातलं शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात प्राणवायू तयार करतात. रात्री तयार करणं थांबतं, पण श्वसन थांबत नाही. शेवाळ, मासे, तळाच्या गाळातले जिवाणू, सगळे मिळून रात्रभर प्राणवायू वापरत राहतात आणि सूर्योदयाच्या जरा आधी साठा सगळ्यात कमी होतो. पाणी जितकं गर्द हिरवं तितका हा चढउतार मोठा. त्यात उष्णतेची भर पडते. 0 अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात साधारण 14.6 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 20 अंशांना 9.1 आणि 30 अंशांना जेमतेम साडेसात. दुसरीकडे, पाणी 10 अंशांनी तापलं की माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. गरज वाढते आणि पुरवठा घटतो, दोन्ही एकदमच. उबदार पाण्यातल्या बहुतेक माशांना लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर ठीक असतं. 2-3 पर्यंत उतरलं की ते खाणं सोडतात, आणि त्याच्याही खाली बराच वेळ राहिलं तर मरतात.

तेव्हा त्या पहाटे तुमचं आमिष चुकलेलं नसतं, गळाचा आकारही चुकलेला नसतो. मासा खाण्याच्या अवस्थेतच नसतो. अशा सकाळी काठी पिशवीतून काढू नका. एखादा लागलाच तर त्या झटापटीत त्याचा उरलासुरला प्राणवायू संपतो. आणि मासे यावेत म्हणून मुठीमुठीने चारा टाकलात तर न खाल्लेला चारा तळाशी कुजतो आणि तोही प्राणवायूच खातो.

दोन प्रकारच्या हवामानात विशेष जपा. एक, तीन-चार दिवस सलग ढगाळ हवा आणि वारा पडलेला. ऊन नाही म्हणून शेवाळाचं काम मंदावतं, वारा नाही म्हणून हवेतून प्राणवायू मिसळत नाही. दुसरं, कडक उन्हाळ्यानंतरचा पहिला थंड, जोराचा पाऊस. तो धोकादायक का, ते कळायला तुमचा दुपारचा प्रश्न आधी समजून घ्यावा लागेल.

पाणी 4 अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. त्याहून जितकं तापेल तितकं हलकं होत जातं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि खालच्या गार, जड पाण्यावर झाकणासारखं बसतं. दोन्हींच्या मधे एक पट्टा असतो, तिथे हातभर खोली वाढली की पाणी एकदम गार लागतं. पोहणाऱ्यांना हा अनुभव असतो: अंग उबदार पाण्यात आणि पाय अचानक गारव्यात. वाऱ्याला अडोसा असलेल्या लहान तळ्यात हा पट्टा अनेकदा दोन-तीन मीटरवरच सापडतो. खालच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो, तिथपर्यंत ऊन पोचत नाही, आणि तळाचा गाळ मात्र कुजत राहतो. काही आठवड्यांत खालचा प्राणवायू संपतो. अशा तळ्यात भर उन्हाळ्यात सगळ्यात खोल जागा ही सगळ्यात ओसाड जागा असते. तुम्ही मात्र मासा उन्हाला कंटाळून तळाशी गेला असेल असं धरून तिथेच गळ सोडताय.

हे पडताळायला महागडं यंत्र लागत नाही. दोरीला वजन बांधून खोल पाण्यात तळापर्यंत सोडा, गाळात जरा रुतू द्या आणि वर काढून हुंगा. चिकटलेला गाळ काळाकुट्ट असेल आणि सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड आहे. प्राणवायू संपलेल्या जागीच तो साठतो, तिथे मासा थांबणार नाही. त्याच दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारून थर्मामीटर बांधला, प्रत्येक गाठीला काही मिनिटं थांबून चटकन वर ओढून वाचला, तर गार पट्टा नेमका कुठे आहे तेही कळतं. पुढचे काही आठवडे त्या खोलीच्या वरच गळ ठेवा.

आता पावसाचं. थंड पाऊस आणि जोराचा वारा आला की ते झाकण मोडतं. तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी वरच्या पाण्यात मिसळतं आणि पूर्ण तळ्यातला प्राणवायू एका रात्रीत कोसळू शकतो. गाव ज्याला ‘तळ्यात कोणीतरी विष टाकलं’ म्हणतं, तसे मासे मरण्याचे बरेच प्रसंग खरं तर असेच घडतात. असा पाऊस झाला की दोन-तीन दिवस तळं तसंच राहू द्या.

हिरवेपणा मोजायला पांढऱ्या तबकडीची युक्ती वापरा. इटलीचे खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी 1865 मध्ये ती वापरात आणली आणि आजही जगभरचे तलाव-अभ्यासक तिच्यावर विसंबतात. साधारण वीतभर रुंदीची पांढरी चकती दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली बघायची. चकती हातभर खोलीच्या आतच दिसेनाशी झाली आणि पाणी गढूळ नसून हिरवं असेल तर शेवाळ भरपूर आहे, म्हणजे पहाट धोक्याची. अशा तळ्यावर उन्हाळ्यात गरवण्याची वेळ उलटी करा. दुपार कलल्यावर, दिवसभराचा प्राणवायू साठलेला असताना जा आणि अंधार पडायच्या आत थांबा. पाणी नितळ असेल, चकती दीड-दोन मीटरपर्यंत दिसत असेल, तर पहाट उत्तम. त्यामुळे ‘पहाटे मासा लागतो’ हा सल्ला सरसकट खरा नाही.

मग मासा सापडायचा कुठे? वारा कुठे वाहतोय ते बघा. उबदार वारा सलग काही तास एकाच दिशेने वाहिला की वरचं पाणी आणि त्यावरचं सूक्ष्म खाद्य समोरच्या काठाला लोटलं जातं, लाटांमुळे तिथे प्राणवायूही मिसळतो. तोंडावर वारा घेत बसणं त्रासाचं असतं, म्हणून तो काठ बहुधा रिकामा असतो, तिथे बसा. त्यानंतर बघायच्या जागा म्हणजे पाणवनस्पतींच्या बेटाची कड, पाण्यावर वाकलेल्या झाडाची सावली, ओढ्याचं मुख, आणि उथळ पाणी जिथे एकदम उतरतं तो उतार. ध्रुवीकृत काचांचा चष्मा असेल तर पाण्यावरची चकाकी जाते आणि यातलं निम्मं डोळ्यांना दिसायला लागतं.

बुडबुडे वाचायला शिका. तळाचा वायू सुटतो तेव्हा मोठे बुडबुडे एकाच ठिकाणी, थांबून थांबून येतात. सायप्रिनससारखा (कॉमन कार्प) तळ उकरणारा मासा गाळात तोंड खुपसून चरतो तेव्हा बारीक बुडबुड्यांची फेसाळ रांग वर येते आणि ती रांग पुढे पुढे सरकते, कधी तिच्यासोबत गढूळपणाचा छोटा ढग उठतो. आमिष त्या रांगेवर टाकू नका. ती ज्या दिशेला चाललीय तिच्या दोन हात पुढे, आवाज न करता टाका आणि वाट बघा. मला गरवण्याच्या सगळ्या प्रकारांत हाच सगळ्यात प्रिय आहे, कारण त्यात नशिबापेक्षा नजर जास्त लागते.

आता सोडलेले मासे मरतात त्याबद्दल. हा प्रश्न तुम्ही विचारलात हे मला फार आवडलं, कारण ‘मी तर सोडून देतो’ म्हणून बरेच जण विषय संपवतात. पाण्यात परत गेलेला मासा जगलाच असं नसतं. तो ओढला जात असताना त्याचे स्नायू जमा असलेल्यापेक्षा जास्त प्राणवायू खर्चतात, अंगात आम्ल साठतं, आणि ही उधारी त्याला नंतर कित्येक तास फेडावी लागते. पाणी गरम आणि प्राणवायू कमी असेल तर ती फिटत नाही. तो पोहत गेलेला तुम्हाला दिसतो आणि रात्रीत मरतो.

म्हणून झटापट छोटी ठेवा. बारीक दोरीवर मोठा मासा खेळवण्याची हौस लहान तळ्यावर करू नये. पेलणारी दोरी, म्हणजे तंगूस, जरा जाडच घ्या आणि मासा लवकर काठाला आणा. जाळी गाठी नसलेली, रबराचा लेप असलेली असावी. गाठींची खरबरीत जाळी माशाचे पंख फाडते आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडते. हा थर माशाचं बुरशी आणि जंतूंपासून रक्षण करतो. कोरड्या हाताने, फडक्याने किंवा तापलेल्या दगडावर मासा धरला की तो निघतो, आणि पुढे पांढरे चट्टे पडलेले मासे काठाला दिसतात. हात आधी पाण्यात बुडवा. शक्य तितकं जाळीतच, पाण्यातच गळ काढा. फोटो हवा असेल तर कॅमेरा तयार ठेवून मगच मासा उचला, एक हात पोटाखाली, आडवा, पाण्याच्या जवळ, आणि दहाएक सेकंदांत परत. कल्ल्यात बोटं घालून उभा लटकवलेला जड मासा सोडून काही उपयोग नाही.

गळाचा काटा, म्हणजे टोकामागची ती उलटी नांगी, पकडीने चेपून टाका. दोरी ताणलेली ठेवलीत तर त्यामुळे मासे फारसे निसटत नाहीत, आणि गळ एका हालचालीत निघतो. उद्या तो गळ तुमच्या किंवा मुलीच्या बोटात रुतला तरी तितकाच सहज निघेल. नैसर्गिक आमिष वापरत असाल तर टोक आत वळलेला गोल गळ घ्या. त्याला झटका द्यायचा नसतो. दोरी सावकाश ताणली की तो घसरत येऊन ओठाच्या कोपऱ्यात अडकतो. साध्या गळावर उशिरा लक्ष गेलं तर मासा आमिष गिळून बसतो. गळ घशात गेला असेल तर तो ओढून काढायच्या फंदात पडू नका. दोरी तोंडाजवळ कापा आणि सोडा. त्या माशाची जगण्याची शक्यता गळ उपसून काढलेल्या माशापेक्षा बरीच जास्त असते.

सोडताना त्याला सरळ, पोट खाली असं हलकेच धरा, तोंड वाऱ्याच्या लाटेकडे. मागेपुढे घुसळू नका. मागे ओढताना पाणी कल्ल्यांतून उलट जातं. तो स्वतः शेपटीने जोर लावेल तेव्हाच हात सोडा. पकडलेले मासे बादलीत साठवून शेवटी एकदम सोडण्याची पद्धत मात्र बंद करा. बादलीतल्या गरम पाण्यातला प्राणवायू बघता बघता संपतो. आणि पाणीच फार तापलं असेल तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे न गरवणं. ट्राउटसारख्या थंड पाण्यातल्या माशांसाठी 20 अंशांच्या आसपास थांबण्याचा संकेत बरेच गरवणारे पाळतात. उबदार पाण्यातले मासे त्याहून पुष्कळ जास्त सोसतात, पण धापा दिसल्या की त्यांच्यासाठीही तोच नियम.

सगळेच मासे सोडावेत असं मात्र मी म्हणणार नाही. तिलापिया लहान तळ्यात फार लवकर, बोटभर असतानाच पिल्लं काढायला लागतो. त्याला खाणारा मोठा मासा उरला नाही की तळं खुरट्या तिलापियाने भरतं, खाद्य वाटलं जातं आणि कोणीच वाढत नाही. तिथे नियमांत बसत असेल तर छोटे तिलापिया घरी नेणं तळ्याच्या भल्याचं आहे. मरळीसारखा शिकारी मासा आणि कोणत्याही जातीची मोठी मादी मात्र सोडा. मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी पटींनी अंडी देते. लोक नेमकं उलटं करतात: मोठा नेतात, बारका ‘बिचारा’ म्हणून सोडतात. किती मासे, कोणत्या मापाचे, कोणत्या महिन्यात, हे तळ्याची व्यवस्था बघणाऱ्यांनी ठरवलेलं असतं. फलक वाचा, नसेल तर विचारा. विणीच्या दिवसांत उथळ काठावर मासे जोडीने खळबळ करताना दिसले की तो काठ सोडून द्या.

तळ्यात काय टाकायचं नाही, याची यादी लोक कंटाळून ऐकतात, पण लहान तळ्याचा निकाल तिथेच लागतो. ब्रेड आणि उरलेलं अन्न बदकांना पोषण देत नाही, आणि न खाल्लेलं कुजून पाण्यात फॉस्फरस सोडतं. फॉस्फरस म्हणजे शेवाळाचं खत, म्हणजे पुन्हा पहाटेच्या धापा. घरच्या टाकीतले मासे आणि कासवं कृपा करून इथे आणून सोडू नयेत. सकर मासा आणि लाल कानाचं कासव जगभरच्या तळ्यांत असेच पोचले आणि परत काढता आले नाहीत. दुसऱ्या पाणवठ्यावर वापरलेली जाळी, बूट, होडी इथे आणण्यापूर्वी तपासा, धुवा आणि पूर्ण वाळवा. जिवंत आमिष उरलं तर पाण्यात ओतू नका. तुटलेली दोरी तिथेच टाकू नका. ती वर्षानुवर्षं कुजत नाही आणि पाणपक्ष्यांच्या पायाला, चोचीला अडकते. बारीक तुकडे करून घरी न्या. शिशाची वजनंही बदला. ब्रिटनमध्ये हंस तळातले खडे समजून शिशाच्या गोळ्या गिळत आणि विषबाधेने मरत, म्हणून 1987 मध्ये तिथे शिशाच्या बहुतेक छोट्या वजनांवर बंदी आली आणि त्यानंतर हंसांची संख्या सावरली. टंगस्टन, पोलाद, अगदी भोक पाडलेला गुळगुळीत दगडही काम देतो.

एका हिरव्या रंगाची वेगळी काळजी घ्या. काठाला जमलेला दाट हिरवा किंवा निळसर तवंग सायनोबॅक्टेरियांचा असू शकतो, आणि त्यातल्या काही जाती विष तयार करतात. काठीने उचलून बघा. लांब तंतू लोंबले तर बहुधा साधं शेवाळ आहे. काठीला रंगासारखा लेप बसला तर संशय घ्या. तिथे मुलांना पाण्यात जाऊ देऊ नका, कुत्र्याला पिऊ देऊ नका, आणि त्या काळातला मासा खाऊ नका. पाणी उकळल्याने हे विष जात नाही.

आता मुलीबद्दल. नक्की न्या, फक्त पहिल्या काही वेळा तुमचं गरवणं बाजूला ठेवा. पाण्याच्या काठावर मूल आणि स्वतःची काठी, दोन्हींकडे लक्ष देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली आणि त्यांत साधारण चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. तोंड पाण्याबाहेर ठेवण्यातच त्याची सगळी शक्ती जाते आणि एका मिनिटाच्या आत ते दिसेनासं होऊ शकतं. तिला मापाचं, पट्टे बांधलेलं जीवरक्षक जाकीट काठावरही घाला, पोहता येत असलं तरी. तुम्ही हाताच्या अंतरावर असा. दुसरं कोणी पाण्यात पडलं तर उडी मारू नका: आधी काठी किंवा फांदी पुढे करा, ती पोचत नसेल तर दोर किंवा तरंगणारी वस्तू फेका, आणि मदत बोलवा. जवळ गळ काढायची पकड आणि दोरी कापायची कात्री असतेच, त्यात एक लांब तरंगणारा दोर ठेवा.

जागा निवडताना पोहण्याच्या पट्ट्यापासून आणि होड्यांच्या धक्क्यापासून लांब, सपाट, गवताचा काठ बघा. निसरडा दगडी उतार नको. डोक्यावर विजेच्या तारा नकोत, कार्बनची काठी वीज वाहून नेते. गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून पक्क्या इमारतीत किंवा मोटारीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. गळ फेकण्याआधी मागे वळून बघायची सवय तिला पहिल्या दिवशीच लावा. चालणाऱ्यांची वाट मागूनच जात असते, म्हणून तिला डोक्यावरून फेकायला न शिकवता खालून, झोक्याने टाकायला शिकवा. होडी किंवा वल्हं मारणारे जवळ आले तर दोरी वर घ्या. तळं त्यांचंही आहे, आणि एवढ्या छोट्या सौजन्यावर गरवणाऱ्यांबद्दलचं मत ठरतं. तिला आणि तुम्हाला दोघांनाही चष्मा आणि टोपी हवीच, गळ डोळ्याला लागू नये म्हणून.

तिच्यासाठी रीळ नको. तिच्या उंचीच्या दीडपट साधी काठी, तेवढीच दोरी, एक बारीक फ्लोट, म्हणजे दोरीवर बसवलेली तरंगती खूण, आणि काटा चेपलेला छोटा गळ. फ्लोट कसा लावायचा ते सांगतो, कारण मूल रमतं ते यात. आधी गळाला एक जड वजन टोचून काठाजवळ सोडा आणि फ्लोटचं फक्त टोक दिसेल इतकी खोली जुळवा. ही झाली पाण्याची खोली. जड वजन काढा, गळापासून चार बोटांवर एक छोटं वजन चिमटवा आणि फ्लोट त्याहून जरा जास्त, पाच-सहा बोटं वर सरकवा. आता ते वजन तळाला टेकलेलं राहतं आणि फ्लोट ताठ उभा राहतो. बहुतेकांना फ्लोट बुडण्याची वाट बघायची सवय असते. इथे उलटं घडतं. तळावर चरणारा मासा आमिष तोंडात घेऊन वर उचलतो, त्यासोबत वजन उचललं जातं, आणि फ्लोट बुडायच्या ऐवजी हळूहळू वर येऊन पाण्यावर आडवा पडतो. त्या क्षणी काठी नुसती उचलायची. आधी वाऱ्याने नुसता डुलणारा फ्लोट आणि माशाने हलवलेला फ्लोट यांतला फरक तिला बघू दे, सांगू नका. मुलं तो आपल्यापेक्षा लवकर पकडतात. मासा लागला की हात भिजवून तिच्याच हाताने सोडू द्या. ती कंटाळली तर काठी गुंडाळा आणि पांढऱ्या चकतीने खोली मोजायला लावा, थर्मामीटर वाचायला लावा, दिनांक घालून वहीत लिहायला लावा. ती वही पुढच्या उन्हाळ्यात तुम्हालाच उपयोगी पडेल.

आणि पुन्हा मेलेले मासे दिसले तर नुसती हळहळ करून परत जाऊ नका. किती दिसले, कोणत्या जातीचे, फक्त मोठे की सगळ्या मापाचे, पाण्याचा रंग आणि वास कसा, आदल्या दोन-तीन दिवसांत ऊन, ढग, पाऊस कसा होता, आणि तुम्ही किती वाजता बघितलं, हे लिहून फोटोंसह तळ्याची देखभाल करणाऱ्यांकडे त्याच दिवशी द्या. पहाटे मेलेले मासे बहुतांशी मोठे असतील तर प्राणवायू संपल्याची शक्यता जास्त, कारण मोठ्या माशाची गरज मोठी असते आणि तो आधी जातो. दिवसाढवळ्या सगळ्या मापाचे, सोबत बेडूक आणि किडेही मेलेले असतील तर पाण्यात काहीतरी सोडलं गेल्याचा संशय घ्यायला हवा. मग मेलेल्या माशांना उघड्या हाताने शिवू नका, आणि मुलीला त्या काठापासून दूर ठेवा.